सालागा: घानामधलं शंभर विहिरींचं बाजाराचं गाव

सालागा हे घानाच्या उत्तर भागातलं एक छोटं बाजारगाव आहे, पूर्व गोंजा भागाचं मुख्य ठिकाण, आणि २०१९ ला जो सवाना नावाचा नवीन रीजन झाला (राजधानी दामोंगो) त्यात ते येतं. टमाले हे उत्तरेतलं मोठं शहर, तिथून आग्नेयेला सव्वाशे किलोमीटरच्या आत. आज नकाशावर शोधावं लागतं, पण एकोणिसाव्या शतकात कानो, सोकोटो (आजच्या उत्तर नायजेरियातली शहरं) पासून ते खाली समुद्रकिनाऱ्यापर्यंत व्यापार करणाऱ्या कुठल्याही माणसाला हे नाव माहीत होतं. कोला नट (तरतरीसाठी चघळायचं बी) आणि गुलाम, या दोन गोष्टींचा इथला बाजार त्या काळातल्या पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एक होता.

घानाला जाणारे बहुतेक लोक केप कोस्ट आणि एलमिनाचे किल्ले (समुद्रकाठचे, जिथून गुलाम जहाजावर चढवत) बघतात आणि परत येतात. ते बघायलाच हवेत, पण त्यातून असं वाटायला लागतं की गुलामगिरी म्हणजे फक्त गोरे, जहाजं आणि अमेरिका. सालागाला आलं की चित्र बरंच बदलतं, म्हणून माझ्या मते घानाच्या ट्रिपमध्ये उत्तरेला दोन दिवस जास्त काढून इथे यावंच.

गाव इथेच का वसलं

नुसता नकाशा बघितला तरी कळतं. दक्षिणेला असांतेंचं (कुमासी राजधानी असलेलं बलाढ्य राज्य) दाट जंगल, उत्तरेला गवताळ सवाना, आणि सालागा या दोन्हीच्या मधल्या पट्ट्यात. जंगलात त्सेत्से माशी असल्यामुळे घोडी, गाढवं, बैल तिकडे टिकत नाहीत, त्यामुळे उत्तरेकडून जनावरांवर माल लादून आलेल्या तांड्यांना कुठेतरी थांबावंच लागायचं, आणि जंगलातून येणारा माल माणसांच्या डोक्यावरून यायचा तोही इथेच उतरायचा. म्हणजे गाढवावरचा माल आणि डोक्यावरचा माल जिथे एकमेकांना भेटतात ती ही जागा.

गोंजा राज्य त्याच्या आधीपासूनचं, मांदे भागातून (आजच्या मालीकडून) आलेल्या घोडेस्वारांनी उभं केलेलं, जाकपा नावाच्या राजाचं नाव तिथे आजही घेतात. सालागाच्या शेजारीच क्पेंबे म्हणून गाव आहे, तिथे या भागाचा राजा म्हणजे क्पेंबेवुरा बसतो. असांतेंनी अठराव्या शतकात पूर्व गोंजावर वर्चस्व मिळवलं, पण सालागाचे खरे चांगले दिवस आले ते एकोणिसाव्या शतकात, कारण असांतेंनी पश्चिमेकडचा कोलाचा व्यापार मुद्दाम इकडे वळवला आणि उत्तरेकडच्या मुसलमान व्यापाऱ्यांना कुमासीपर्यंत न येऊ देता सालागालाच अडवलं. दुसरं कारण लांबचं आहे. १८०४ नंतर हौसा मुलखात, म्हणजे कानो-सोकोटोच्या भागात, उस्मान दान फोदियोचा जिहाद झाला, सोकोटोची सत्ता आली, दारू निषिद्ध पण कोला चालतो, मग काय, मागणी वाढतच गेली.

कोला

कोला म्हणजे चेस्टनटएवढं, लालसर किंवा पांढरट गुलाबी फळाचं बी. चावलं की आधी कडू तुरट लागतं आणि त्यावर पाणी प्यायलं की पाणी गोड लागतं. कॅफिन भरपूर असल्यामुळे झोप आणि भूक मरते. पाहुणा आला, बारसं असलं, लग्न ठरलं, भांडण मिटलं की कोला द्यायचा. आपल्याकडे पानसुपारीचा जो मान तोच.

हा माल सांभाळायला फार अवघड. सुकला की किंमत गेली, जास्त ओला राहिला तर बुरशी, आणि कीड एका बीला लागली की अख्ख्या टोपलीत पसरते. म्हणून हौसा व्यापारी टोपलीला आतून रुंद हिरवी पानं लावायचे, कोला भरायचे, वरून परत पानं, आणि वाटेत दर थोड्या दिवसांनी सगळी टोपली उपसून एकेक बी हातात घेऊन बघायचे, किडकी बाजूला, पानं बदलायची, पाणी शिंपडायचं, परत बांधायचं, असं करत गाढवांवरून कानोपर्यंतचा अनेक आठवड्यांचा रस्ता. आजही बाजारात कोला विकणाऱ्या बाईकडे दोन मिनिटं थांबून बघा, ओलं फडकं झाकलेलं असतं आणि ती मधूनमधून बी निवडत असते, तंत्र तेच आहे.

उत्तरेकडून त्या बदल्यात कापड, चामड्याच्या वस्तू, मीठ, खार, मणी, गुरं, घोडे आणि माणसं यायची. चलन कवडीचं. या कवड्या आधी मालदीवच्या समुद्रातून निघालेल्या, हिंदी महासागरातून युरोपच्या जहाजांवर चढून पश्चिम आफ्रिकेत उतरायच्या, नंतर झांझिबारकडून पण यायला लागल्या. म्हणजे आपल्या शेजारच्या समुद्रातली कवडी इथे सालागात माणूस विकत घ्यायला वापरली जात होती.

गुलामांचा बाजार

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी कारण गाइड लोक आणि ब्लॉगवाले पण यात गोंधळ करतात. सालागात विकली गेलेली सगळी माणसं जहाजाने अमेरिकेला गेली असं सरसकट सांगितलं जातं. पण इंग्रजांनी आपल्या लोकांना अटलांटिकचा गुलाम व्यापार १८०७ ला बंद केला आणि सालागाचा बाजार सगळ्यात मोठा झाला तो त्याच्या नंतर, विशेषतः शतकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे त्या काळात इथली बहुतेक माणसं आफ्रिकेतच राहिली. असांतेंच्या शेतांवर, कोला गोळा करायला, ओझी वाहायला, किनाऱ्याकडच्या पामतेलाच्या मळ्यांवर, घरकामाला, कुणाच्या बायका म्हणून. त्यांचे वंशज आज घानातच, शेजारच्याच गावात असतील, आणि म्हणूनच कोण कुठल्या घराण्यातून आलं हे तिकडे उघडपणे विचारत नाहीत, तसं विचारणं वाईट समजतात. पर्यटकांनीही विचारू नये.

माणसं यायची ती जास्त करून ग्रुन्शी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांच्या गावांमधून, म्हणजे आजच्या घाना आणि बुर्किना फासोच्या सीमेवरचा भाग. तिथे झाबारिमा (आजच्या नायजर देशातून आलेले) घोडेस्वारांच्या टोळ्या, त्यात बाबातूचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं, धाडी घालून गावंच्या गावं उचलायच्या. मोसी (आजच्या बुर्किना फासोतले) व्यापारीही आणायचे. इंग्रजांनी १८७४ ला किनाऱ्याच्या वसाहतीत गुलामगिरी बेकायदेशीर ठरवली खरी, पण सालागा त्यांच्या हद्दीबाहेर, त्यामुळे इथे पुढे वीस वर्षं बाजार भरतच राहिला.

बाजाराची जागा गावाच्या मध्यात दाखवतात. तिथे एक गोरखचिंचेचं झाड होतं, त्याला माणसं साखळीने बांधत असं सांगतात. मूळ झाड गेलं, त्याच्या आठवणीसाठी नवीन गोरखचिंच लावलेली आहे. मोठं म्युझियम, तिकीट, हेडफोन असलं काही शोधू नका.

विहिरी

सालागाची खरी ओळख म्हणजे विहिरी. शंभर विहिरींचं गाव असंच म्हणतात, खऱ्या किती ते प्रत्येकजण वेगळं सांगतो. एवढ्या विहिरी लागल्या कारण इथे मोठी नदी जवळ नाही आणि हंगामात हजारो माणसं आणि जनावरं महिनोन् महिने मुक्कामाला असायची. पावसाळ्यात ठीक, पण नोव्हेंबर ते मार्च आभाळातून जेमतेम थेंब पडतो, आणि नेमका तोच तांड्यांचा हंगाम. मग जांभ्यात उभ्या विहिरी खोदल्या, आणि खोदणारे हात गुलामांचेच.

गावच्या जुन्या वस्तीत फिरताना त्या घरांच्या मधेच दिसतात. कठडा वगैरे काही नाही, लाल जांभ्यात सरळ खाली गेलेलं गोल भोक, माणूस जेमतेम उतरेल एवढं अरुंद. काही बुजल्यात, काहींत कचरा आहे. लांब पल्ल्याने आलेल्या माणसांना विकायच्या आधी धुऊन, तेल लावून, खायला घालून तयार करायचे, त्यासाठीही यातलं पाणी लागायचं. वांकान बावा म्हणून एक जागा आहे, हौसात त्याचा अर्थ गुलामांची आंघोळ. जागा एवढी साधी आहे की कुणी सांगितलं नाही तर आपण सरळ पुढे निघून जाऊ. मला वाटतं सालागात सगळ्यात जास्त वेळ या विहिरींना द्यावा, कारण बाजाराच्या जागेवर आता बघण्यासारखं फारसं उरलं नाहीये पण विहीर ही अजून तीच आहे, त्याच हातांनी खणलेली.

बाजार मोडला कसा

१८७४ च्या सुरुवातीला इंग्रजांनी कुमासी जाळली, असांतेंचा दरारा गेला, तशी सालागाने लगेच उठाव करून असांते अधिकारी आणि व्यापाऱ्यांना मारलं. असांतेंनी बदला म्हणून कोला सालागाला पाठवायचा बंद करून किंताम्पो या दुसऱ्या बाजारगावाकडे वळवला. सालागा तरी तग धरून होतं, किनाऱ्याकडून नवीन वाटा उघडल्या आणि बाहेरच्या लोकांची रीघ लागली. १८७६ ला फ्रेंच व्यापारी बोन्ना, १८७७ ला बासेल मिशनचे (स्वित्झर्लंडची ख्रिस्ती संस्था) आफ्रिकन पाद्री थिओफिलस ओपोकू, १८८८ ला फ्रेंच अधिकारी बिंजे. जर्मन भाषातज्ज्ञ गॉटलोब क्राउझे तर बरीच वर्षं याच भागात राहिला आणि हौसा भाषेवर काम केलं. १८८८ ला इंग्लंड आणि जर्मनीने हा पट्टा दोघांत तटस्थ ठेवायचं ठरवलं.

शेवटचा घाव घरातलाच. क्पेंबेची गादी तीन घराण्यांत आळीपाळीने फिरते, आणि १८९१-९२ ला त्यावरून यादवी झाली. एका बाजूने दागोम्बांना, म्हणजे उत्तरेकडच्या शेजारी राज्याला, मदतीला आणलं, क्पेंबेवुरा मारला गेला, सालागा लुटलं गेलं. व्यापारी माल घेऊन पळाले ते केते क्राचीला, आणि तिकडचा बाजार वाढला. इथून गेलेल्यांत मूळचा कानोचा विद्वान अल हाज उमर पण होता, ज्याने अरबी आणि हौसात कविता लिहिल्या, गोऱ्यांच्या येण्यावर लिहिलं, आणि या यादवीवरही त्याचं लिखाण आहे. हे सगळं युरोपियनांच्या डायऱ्यांतूनच कळतं असं कुणाला वाटत असेल तर उमर वाचावा. १८९९ च्या करारात सालागा इंग्रजांकडे आणि दागोम्बांची राजधानी येंदी जर्मनांकडे गेलं, पुढे १९०७ ला उत्तर भागाची राजधानी टमालेला नेली, आणि सालागा बाजूला पडलं ते पडलंच.

आताचा बाजार

आताचा बाजार शेतमालाचा. याम म्हणजे कोनफळाच्या जातीतला मोठा कंद हा इथला राजा, ढीगच्या ढीग, आणि ट्रकने अक्रापर्यंत जातो. शिवाय मका, ज्वारी, शेंगदाणे, शियाचं बी आणि त्याचं लोणी, गिनी फाऊल कोंबड्या, शेळ्या, व्होल्टा सरोवरातले धुरावलेले मासे. धान्य किलोवर नाही, ओलोंका नावाच्या डब्याने मोजतात. बाई डबा भरते, वर शीग चढवते, हाताने आधार देत अजून चढवते, आणि शीग किती उभी राहते यावर सगळी घासाघीस. गिऱ्हाईक नेहमीचं असेल तर वर एक मूठ जास्त टाकते.

उत्तर घानात बऱ्याच गावांत बाजार आपल्यासारखा वाराने नाही तर दर सहाव्या दिवशी भरतो, म्हणून टमालेलाच विचारून निघावं. घासाघीस करायच्या आधी नमस्कार, तब्येत, घर कसं आहे हे सगळं व्हायला हवं, थेट भाव विचारणं उद्धटपणा धरतात. हौसातलं सन्नू म्हटलं तरी माणसं खुलतात. पैसे आणि वस्तू उजव्या हातानेच.

खायला सकाळी कोको म्हणजे बाजरीची आंबट पातळ पेज आणि कोसे म्हणजे चवळी वाटून तळलेले वडे, दुपारी वाक्ये म्हणजे भात आणि चवळी एकत्र शिजवलेलं, आणि संध्याकाळी तुओ झाफी म्हणजे मक्याच्या पिठाचा मऊ गोळा, बरोबर तागाच्या जातीतल्या पाल्याचं बुळबुळीत कालवण, त्यात दावादावा म्हणजे आंबवलेल्या बियांचा उग्र वास. शाकाहारी माणसाने वाक्ये आणि कोसेवर भागवावं, पण वाक्येवर घालतात त्या सॉसमध्ये मासे असतात, आधी सांगायचं.

जायचं कसं

टमालेहून शेअर गाड्या आणि व्हॅन भरली की सुटतात. दुसरी वाट दक्षिणेकडून, येजीपर्यंत रस्त्याने आणि तिथून व्होल्टा सरोवर फेरीने ओलांडून माकांगोला उतरायचं, मग परत रस्ता. हे सरोवर १९६५ ला पूर्ण झालेल्या आकोसोंबो धरणाचं. फेरीच्या वेळेवर फार विसंबू नका, पण वेळ असेल तर हीच वाट घ्यावी कारण जंगल संपून सवाना कुठे सुरू होतो ते डोळ्यांनी दिसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडं आणि फिरायला बरं, हरमटान या सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याने धूळ असते आणि ओठ फुटतात. मार्च एप्रिल भयानक तापतं.

घानात शिरायला पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड लागतं, आणि भारतात परत येतानाही तेच कार्ड मागतात, नसेल तर क्वारंटाइन करू शकतात, त्यामुळे निघायच्या निदान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात लस घेऊन टाकायची. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. विहिरी बघायला गावातलाच माणूस बरोबर घ्या, कारण बऱ्याच विहिरी लोकांच्या अंगणात आहेत, परवानगी तो मागतो, आणि त्याचे पैसे आधीच ठरवा. क्पेंबेवुराला भेटायचं असेल तर कोला किंवा त्याबदल्यात थोडे पैसे घेऊन जायची पद्धत आहे, रिकाम्या हाताने जात नाहीत.