हसू आणि हसं

सकाळच्या स्लो लोकलला मुलुंडला चढणारा आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे. पेपर एकच असतो, तोही निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या बँकवाल्या काकांचा. मथळे ते वाचणार, शेरे बाकीच्यांनी मारायचे, ही वाटणी कधी कोणी ठरवलेली नाही, पण पाळली जाते. राजकारणावरचे शेरे दादरपर्यंत शिळे होतात. खरी मजा विज्ञानाच्या बातमीला येते, कारण त्यात कोणालाच धड काही कळलेलं नसतं आणि गप्प मात्र कोणालाच बसवत नाही.

एप्रिल २०२३ मधली गोष्ट. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा बांधायला केंद्र सरकारने मंजुरी दिली, खर्च २६०० कोटी, अशी बातमी काकांनी वाचली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारे लेसरचे किरण. अवकाशातून गुरुत्वीय लहर (म्हणजे खुद्द अवकाशाच्याच ताण-आकुंचनाची लाट) आली की भुजांच्या लांबीत जो फरक पडतो तो हे यंत्र मोजणार. फरक केवढा, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

दाराजवळून पहिला शेरा आला. "झालं! इथे डब्यातले पंखे चालत नाहीत आणि हे २६०० कोटी लहरींवर उडवणार. यालाच म्हणतात लहरीपणा!" डबा हसला. मीही हसलो.

परळच्या वर्कशॉपमध्ये फिटर असलेला आमचा एक मित्र जरा वेळाने म्हणाला, "एवढंसं हललं तरी कळतं ना त्याला? म्हणून हिंगोलीत बांधतायत, कुर्ल्यात नाही." तेवढ्यात शेजारच्या रुळावरून फास्ट गेली आणि आमचा डबा थरथरला. या वेळचं हसणं वेगळं होतं. थोडं उशिरा आलं आणि विक्रोळीपर्यंत टिकलं.

तेव्हापासून मी या दोन प्रकारच्या शेऱ्यांकडे जरा निरखून बघायला लागलो. वरवर दोन्ही सारखेच. दोन्ही चटकन येतात, दोन्हींना टाळी मिळते. पण मराठीने यांच्यासाठी दोन शब्द आधीच करून ठेवलेत, ऊकार आणि अनुस्वार एवढ्याच फरकाचे. हसू आणि हसं. हसू येतं ते आपल्याला येतं. हसं होतं ते कोणाचं तरी होतं, त्याला षष्ठी लागते. पहिल्या शेऱ्याने शास्त्रज्ञांचं हसं झालं. दुसऱ्याने हसू आलं, आणि जाता जाता एक माहितीही मिळाली. फिटरला हे ठाऊक नव्हतं, पण तो बरोबरच बोलला होता. अशी यंत्रं गजबजाटापासून लांब बांधावी लागतात. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात लिव्हिंग्स्टनला लायगोचं असंच यंत्र आहे आणि जवळून जाणाऱ्या मालगाड्यांची थरथर त्याला खरोखरच त्रास देते.

ओळखायची माझी रीत सोपी आहे. शेरा उचलायचा आणि दुसऱ्या बातमीवर ठेवून बघायचा. 'लहरीपणा'ची कोटी रेडिओलहरींच्या बातमीवर चालेल, ध्वनिलहरींच्याही चालेल. पंखे आणि कोट्यवधी रुपये तर कुठल्याही बातमीला चालतात, अगदी दुर्बिणीपासून पाणबुडीपर्यंत. टिंगल म्हणजे सगळ्या लाइनींवर चालणारा पास. मिश्कील शेरा त्या एकाच गाडीच्या एकाच सीटचं रिझर्व्हेशन असतं. कुर्ल्याचा शेरा चांद्रयानाच्या बातमीला लावून बघा, अर्थच उरत नाही.

(पैशांचा प्रश्न विचारू नये असं मला म्हणायचं नाही. जरूर विचारावा. पण प्रश्न असेल तर उत्तरासाठी थांबावं लागतं, आणि आमच्या डब्यात टाळी मिळाली की विचारणारा थांबत नाही.)

हे फक्त लोकलमधल्या लोकांचं आहे असं समजू नका. १३ जानेवारी १९२० रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेखाच्या पानावर रॉबर्ट गॉडर्ड या प्राध्यापकाची यथेच्छ खिल्ली उडवली. रॉकेट चंद्रापर्यंत जाऊ शकेल असं गॉडर्ड म्हणत होते. पेपरचं म्हणणं, निर्वात पोकळीत रेटायला हवाच नाही, मग रॉकेट पुढे जाईल कसं? शाळेत शिकवतात तेवढंही या गृहस्थांना येत नाही. वास्तविक चूक पेपरचीच होती. रॉकेट हवेला रेटत नाही. ते जळलेला वायू मागे फेकतं आणि त्याच्याच प्रतिक्रियेने पुढे जातं, न्यूटनचा तिसरा नियम. पोकळीत तर ते अधिकच चांगलं चालतं, कारण अडवायला हवा नसते. १९२६ साली गॉडर्डनी द्रवरूप इंधनावरचं जगातलं पहिलं रॉकेट उडवून दाखवलं. १९४५ साली ते वारले. अपोलो-११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ रोजी, त्या पेपरने दुरुस्ती छापली, आणि छापली ती मोठ्या मिश्कीलपणे: अधिक तपासाअंती न्यूटनचे सतराव्या शतकातले निष्कर्ष खरे ठरले आहेत, रॉकेट पोकळीतही चालतं हे आता नक्की झालं आहे, चुकीबद्दल दिलगीर आहोत. एकोणपन्नास वर्षं लागली, पण दुसऱ्याचं हसं करणाऱ्या पेपरने शेवटी स्वतःवर हसू आणलं. दोन्ही नमुने एकाच घरचे मिळतात म्हणून हा किस्सा मला फार प्रिय आहे.

सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा याच पेपरात व्यंगचित्र आलं: आत सुटाबुटातल्या अंतराळवाल्यांचा क्लब, आणि बाहेर फेटेवाला शेतकरी गाय घेऊन दार ठोठावतोय. या खेपेला माफी थोड्याच दिवसांत मागितली. प्रगती म्हणायची. पण वरची रीत इथेही लावा. त्या गाईचा मंगळयानाशी संबंध काय? भारताच्या कुठल्याही बातमीपुढे ती बांधता आली असती.

आणि गंमत अशी की गाय नाही तरी बैल आपल्या अंतराळ कार्यक्रमात खरोखर आहेत. १९८१ चा फोटो तुम्ही पाहिला असेल. 'ॲपल' हा आपला दूरसंचार उपग्रह बैलगाडीवर ठेवलाय आणि पुढे बैल जुंपलेत. गरिबीचं चित्र म्हणून तो फोटो आजही फिरतो, कोणी हळहळतं, कोणी हसतं. खरं कारण असं की उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यायची होती. खाली लोखंडी ट्रक असता तर लहरी त्यावरून परावर्तित होऊन मोजमाप बिघडलं असतं. लाकडी गाडी हा साधा आणि चोख उपाय होता. हे मी डब्यात सांगितलं तेव्हा सगळे गंभीर झाले, देशाभिमानाने वगैरे. फिटरने तेवढ्यात विचारलं, "मग बैलांचे नाल काढले होते का?" धातूची गोष्ट नीट कळल्याशिवाय हा विनोद सुचणारच नाही.

मंगळयानाचा रिक्षाचा हिशेब मात्र मधल्या जातीचा आहे, त्यावर जरा थांबू या. खर्च ४५० कोटी, अंतर सुमारे ६५ कोटी किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये, रिक्षापेक्षा स्वस्त. तेव्हा पंतप्रधानांनीही अहमदाबादच्या रिक्षाशी तुलना करून हे सांगितलं होतं. आमच्या ग्रुपात यावर ताबडतोब आलेला शेरा: "मंगळ परवडला, पण तो अंधेरी म्हटल्यावर 'नही जायेगा' म्हणतो त्याचं काय?" हसण्यापुरतं झकास. पण विनोद रिक्षावाल्यावर झाला, यान बाजूलाच राहिलं. खरं तर हिशेबातच गंमत दडलेली आहे. रिक्षाला प्रत्येक किलोमीटरला इंधन लागतं. यानाचं बरंचसं इंधन पृथ्वीची ओढ तोडण्यातच गेलं. १ डिसेंबर २०१३ ला ते पृथ्वीची कक्षा सोडून निघालं, त्यानंतर त्याचं मुख्य इंजिन जवळजवळ तीनशे दिवस झोपलेलं होतं. पोचायच्या दोन दिवस आधी, २२ सप्टेंबरला, ते चार सेकंद चालवून बघितलं, उठतं की नाही म्हणून. हे ऐकल्यावर काका म्हणाले, "म्हणजे घाटकोपरच्या पुलावरून उतारावर इंजिन बंद करून सोडतात तसं." याहून नेमकं कोण सांगणार? ७ रुपयांच्या आकड्याने जे झाकलं होतं ते काकांच्या उताराने उघडं केलं.

चंद्रावरचे खड्डे आणि आपल्या रस्त्यातले खड्डे, याबद्दल मी काही बोलत नाही. तो विनोद दर चांद्रयानाला आणि दर पावसाळ्याला येतो. एकदा कोणाला तरी तो पहिल्यांदा सुचला असेल, त्याला माझा नमस्कार.

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण हसं करणाऱ्यांत मीही होतो. केरळ कृषी विद्यापीठातल्या दोन संशोधकांना २००२ साली इग नोबेल मिळालं, विषय: भारतीय हत्तीच्या एकूण त्वचेचं क्षेत्रफळ कसं काढावं. इग नोबेल १९९१ पासून दिलं जातं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला. मी आधीच्याच पायरीवर थांबलो. "हत्तीला शर्ट शिवायचा असेल," असं मी फेकलं आणि टाळी घेतली. ग्रुपातले लालबागचे टेलर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मापं किती घेतात?" मी शोधलं. दोन: उंची आणि पुढच्या पायाच्या पंजाचा घेर. टेलर म्हणाले, "आम्हाला माणसाच्या शर्टाला सात-आठ लागतात. यांनी हत्ती दोनात बसवला. शिष्य व्हायला पाहिजे."

माझा शेरा कुठल्याही जनावराला चालला असता. टेलरांनी तर त्या संशोधनाचं मर्मच पकडलं होतं, की जिवंत हत्तीभोवती टेप घेऊन फिरण्यापेक्षा सहज मिळणाऱ्या दोन मापांवरून सूत्राने उत्तर काढता येतं. आणि असं क्षेत्रफळ काढणं काही थट्टेचं काम नाही. माणसांतही केमोथेरपीच्या बऱ्याच औषधांची मात्रा शरीराच्या पृष्ठभागावरून ठरते, हे ज्यांच्या घरात आजारपण येऊन गेलंय त्यांना ठाऊक असतं.

हत्तीनंतर मी बेडकावर सावधपणे बोललो. १९९७ साली नेदरलँड्समधल्या नायमेखनला आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी १६ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाचा जोर मोजायचं एकक) आसपासच्या चुंबकाच्या पोकळीत जिवंत बेडूक हवेत तरंगता ठेवला. बेडकाच्या अंगात मुख्यतः पाणी, आणि पाणी चुंबकापासून अगदी किंचित दूर ढकललं जातं. चुंबक प्रचंड असेल तर तो किंचित रेटाही वजन तोलून धरतो. काका लगेच म्हणाले, "पाण्यामुळे तरंगतो होय? २६ जुलैला सायनला आम्ही चुंबकाशिवायच तरंगत होतो." फिटर म्हणाला, "काका, तुमचं पाणी बाहेर होतं, त्याचं आत." हा दुसरा शेरा काकांवर असूनही त्यात काकांचं हसं झालं नाही. तेच सगळ्यात जास्त हसले.

या बेडकासाठी गाइमना २००० साली मायकेल बेरी यांच्यासोबत इग नोबेल मिळालं. २०१० साली कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांच्यासोबत खरंखुरं नोबेल मिळालं ते ग्राफीनसाठी, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या थरासाठी, तेही साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलून काढत सुरू झालेलं काम.

काकांनी पेपरची घडी घालता घालता विचारलं, "दोन्ही बक्षिसं त्यांनाच? बेडकाला काय?"

बेडकाला काही नाही, मी म्हटलं. पण २००१ साली अशाच तरंगण्यावर गाइमनी एक शोधनिबंध लिहिला, त्यात सहलेखक म्हणून त्यांच्या लाडक्या हॅमस्टरचं (उंदरासारखा पाळीव प्राणी), टिशाचं, नाव आहे.

"घरचाच ना?" काका उठले, मस्जिद आलं होतं. "तरंगायचं बेडकाने आणि नाव लागायचं याचं. वशिला तिथेही चालतो तर."