प्रवाळभित्तीची रचना आणि मत्स्यसमुदाय

प्रवाळांच्या फांद्या, पसरट थर, घुमट आणि त्यांच्यामधल्या फटी-कपारी यांमुळे प्रवाळभित्तीला जो उंचसखलपणा येतो, त्यावर तिथल्या माशांच्या जाती, संख्या व आकारमान बऱ्याच अंशी ठरतात.

आसऱ्याचे माप माशाच्या अंगाशी जुळावे लागते. डॅसिलस अरुआनस हा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा मासा दाट फांद्यांच्या प्रवाळावर कळपाने राहतो. कळप प्रवाळाच्या जरा वर राहून प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) टिपतो आणि शिकारी दिसताच फांद्यांत शिरतो. तिथे मोठ्या माशाचे तोंड पोचत नाही. गोबिओडॉन वंशातले गोबी मासे तर प्रामुख्याने अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाच्या जिवंत फांद्यांतच सापडतात. पोराइटिस या दुसऱ्या प्रवाळाचे घुमट भक्कम असले तरी वरून गुळगुळीत असतात, पण त्यांच्या बुडाशी झिजून झालेल्या कपारींत ग्रूपर हे मोठे शिकारी मासे थांबतात. त्यामुळे प्रवाळाने किती टक्के तळ व्यापला एवढ्यावरून माशांचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

उंचसखलपणा मोजण्याची जुनी पद्धत साखळीची. ठरावीक लांबीची साखळी तळाच्या चढउताराला चिकटवून सोडायची आणि तिच्या दोन टोकांतले सरळ अंतर फितीने मोजायचे. १० मीटरची साखळी ६ मीटरमध्ये संपली, तर गुणोत्तर सुमारे १.७, सपाट तळाचे १. बारीक कड्यांची साखळी लहान खाचांतही उतरते आणि आकडा वाढवते, म्हणून वेगवेगळ्या साखळ्यांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. प्रवाळाखालच्या पोकळ्या मात्र साखळीला सापडतच नाहीत. माशांच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे. फटींची संख्या व रुंदी वेगळी नोंदवावी लागते.

वादळ जिवंत प्रवाळ आणि रचना दोन्ही एका दमात मोडते. विरंजनात, म्हणजे पाणी तापून प्रवाळ पांढरा पडतो तेव्हा, तो मरू शकतो, पण सांगाडा उभा राहतो. प्रवाळावरच जगणारे कीटोडॉन ट्रायफॅसिअ‍ॅलिससारखे फुलपाखरू मासे आधी घटतात. पुढे काही वर्षांत पोखरणारे स्पंज, समुद्री साळ (सी अर्चिन, काटेरी गोल प्राणी) आणि लाटा सांगाड्याचा चुरा करतात, तेव्हा लहान मासे व पिल्ले उघडी पडतात. जुने मोठे मासे तोवर टिकून असल्याने एकूण वजनाचा आकडा ठीक दिसतो. त्यांची जागा घेणारी पिढीच नसते. १९९८च्या विरंजनानंतर हिंद महासागरातल्या सेशेल्स बेटांजवळच्या २१ भित्तींपैकी १२ सावरल्या, ९ समुद्रशैवालाखाली गेल्या. मूळची रचना गुंतागुंतीची आणि पाणी खोल, तिथे सावरण्याची शक्यता जास्त होती. पापुआ न्यू गिनीतल्या किंबे उपसागरात प्रवाळ घटल्यावर तीन चतुर्थांशांहून अधिक मत्स्यजातींची संख्या कमी झाली आणि मासेमारीबंद क्षेत्रेही त्यातून सुटली नाहीत.

कृत्रिम भित्तींत एकाच मापाची भोके असलेले काँक्रीटचे ठोकळे टाकणे ही नेहमीची चूक. भोके मोठीच असली तर लहान माशांना लपायला जागा उरत नाही आणि शिकारी त्यांना टिपतात. म्हणून बोटभर रुंदीपासून हात जाईल इतपत अशी अनेक मापे एकत्र ठेवतात.