ऑब्जेक्टची घडण कधी पक्की होते?

प्रोग्राममध्ये एकत्र ठेवलेल्या माहितीच्या गठ्ठ्याला ऑब्जेक्ट म्हणतात. उदाहरणार्थ, आलेखावरचा एक बिंदू घ्या. त्यात दोनच गोष्टी: एक्स आणि वाय. सी प्लस प्लस या भाषेत त्याचा क्लास, म्हणजे साचा, लिहिला की प्रोग्राम सुरू होण्याआधीच कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) त्याची मेमरीतली मांडणी ठरवून मोकळा होतो. एक्स आणि वाय प्रत्येकी ८ बाइटच्या दशांश संख्या असतील, तर एक्स अगदी सुरुवातीला आणि वाय ८ बाइट पुढे. वाय हवा असेल तेव्हा प्रोसेसर पत्त्यात ८ मिळवतो आणि तिथली संख्या वाचतो. शोधाशोध करावीच लागत नाही. हा स्टॅटिक ऑब्जेक्ट.

पायथनमध्ये हाच बिंदू साधारणपणे नाव आणि किंमत अशा जोड्यांचा तक्ता असतो. वाय मागितला की त्या नावाने शोध सुरू होतो. काम जास्त, पण मोकळीकही तेवढीच: चालू प्रोग्राममध्येच एखाद्या बिंदूला रंग जोडता येतो, नंतर काढूनही टाकता येतो. हा डायनॅमिक ऑब्जेक्ट. चुकून 'वाय'ऐवजी 'वायय' लिहून त्यात ५ भरले, तरी पायथन तक्रार करत नाही. त्या नावाची नवी नोंद करून पुढे जातो आणि खरा वाय तसाच राहतो. सी प्लस प्लसचा कंपायलर हीच चूक प्रोग्राम चालण्याआधी पकडतो.

(ऑब्जेक्ट मेमरीच्या स्टॅक या भागात ठेवायचा की हीप या भागात, यासाठीही स्टॅटिक-डायनॅमिक हेच शब्द वापरतात. तो प्रश्न वेगळा आहे. इथे बोलतोय ते घडणीबद्दल.)

मग वेग आणि मोकळीक यांतलं एकच निवडायचं का? या प्रश्नाचं मला सर्वांत आवडणारं उत्तर 'सेल्फ' या भाषेने दिलं. डेव्हिड अंगर आणि रँडल स्मिथ यांनी ती १९८६ च्या सुमारास झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात आखली. तिच्यात क्लासच नव्हते, प्रत्येक ऑब्जेक्ट स्वतंत्र. पण ती वेगाने चालवू पाहणाऱ्यांनी एक गोष्ट हेरली: मोकळीक कितीही असली, तरी प्रत्यक्ष प्रोग्राममधले बहुतेक ऑब्जेक्ट एकमेकांसारखेच असतात. म्हणून सारख्या घडणीच्या ऑब्जेक्टांसाठी त्यांनी पडद्याआड एकच सामायिक नकाशा ठेवला. कोडमधल्या एखाद्या ओळीला मागच्या वेळी वाय कुठे सापडला, ते लक्षात ठेवायचं. पुढच्या ऑब्जेक्टचा नकाशा तोच असेल तर थेट तिथेच हात घालायचा. अंदाज चुकला तर पुन्हा रीतसर शोध. म्हणजे भाषा डायनॅमिकच राहते, पण चालते जवळजवळ स्टॅटिकसारखी.

सेल्फवर काम केलेले लार्स बाक पुढे गूगलच्या व्ही८ या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या इंजिनाचे प्रमुख झाले. २००८ मध्ये क्रोमबरोबर आलेल्या त्या इंजिनात जावास्क्रिप्टसाठी हीच कल्पना 'हिडन क्लास' या नावाने आहे. म्हणूनच जावास्क्रिप्टमध्ये एका ठिकाणी आधी एक्स मग वाय आणि दुसरीकडे आधी वाय मग एक्स भरला, तर इंजिनाच्या लेखी त्या दोन वेगळ्या घडणी ठरतात. दिसायला क्षुल्लक, पण लाखो ऑब्जेक्टांवर फिरणाऱ्या लूपमध्ये हा फरक जाणवू शकतो. पायथननेही २०२२ च्या ३.११ आवृत्तीत अशी आठवण ठेवणारा इंटरप्रिटर (कोड चालवणारा प्रोग्राम) आणला.

वेगाचा प्रश्न असा बराच सुटला. 'वायय'चा मात्र यातून सुटत नाही, कारण इंजिनाच्या दृष्टीने ती फक्त आणखी एक घडण. त्यासाठी प्रोग्रामरलाच मोकळीक सोडावी लागते. पायथनच्या क्लासमध्ये 'स्लॉट्स' लिहून नावं आधीच जाहीर केली, तर अनोळखी नावात किंमत भरताक्षणी एरर येते, शिवाय दर ऑब्जेक्टमागचा तक्ता गेल्याने मेमरीही वाचते. मोठ्या संख्येने तयार होणाऱ्या छोट्या ऑब्जेक्टांसाठी मी तरी हाच मार्ग धरेन.