धूमकेतूचा गाभा मोजायला अवकाश दुर्बिणीचा वेळ: कोण मागू शकतं, काय जोडायचं आणि अर्ज कुठे अडकतो

फेब्रुवारी उजाडला की नांदेड, परभणी, लातूरकडच्या एमएस्सी-पीएचडीच्या लेकरांचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, हबलला अर्ज करायचाय. प्राचार्यांचं पत्र कोणत्या नमुन्यात घ्यायचं?" पत्र लागत नाही. उलट ते अर्जात घातलं तर अर्ज बाद होऊ शकतो. गेल्या काही वर्षांत मी जे नकार पाहिले, त्यात विषय कच्चा होता म्हणून आलेले थोडे. बाकीचे अशाच गोष्टींवरून गेले, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

अवकाशयान धूमकेतूजवळ पोचायच्या आधी त्याचा गाभा दुर्बिणीतून का मोजून ठेवायचा, हे अर्जात पटवून द्यावंच लागतं. त्यासाठी रोझेटाचं उदाहरण पाठ करून ठेवा. हे यान आधी विर्टानेन धूमकेतूकडे जाणार होतं. डिसेंबर २००२ मध्ये एरियान-५ रॉकेट फसलं, प्रक्षेपण लांबलं, आणि नवं ठिकाण ठरलं ६७पी चुर्युमोव-गेरासिमेन्को. याचा गाभा केवढा आहे, याची खात्री हवी होती. मार्च २००३ मध्ये हबलने २१ तासांत त्याचे ६१ फोटो घेतले. आकार निघाला साधारण ५ बाय ३ किलोमीटर आणि स्वतःभोवतीची फेरी सुमारे १२ तासांची. विर्टानेनचा गाभा जेमतेम एक-सव्वा किलोमीटरचा. गाभा मोठा म्हणजे ओढ जास्त, उतरताना वेग जास्त. म्हणून रोझेटावरून धूमकेतूवर उतरणाऱ्या फिली या छोट्या यानाच्या पायांची रचना आणखी कडक करावी लागली. १२ नोव्हेंबर २०१४ ला फिली उतरला. त्याच्या अकरा वर्षं आधी दुर्बिणीने दिलेला आकडा त्यामागे होता.

पात्रता

हबल आणि जेम्स वेब, दोन्हींचा वेळ बाल्टिमोरची स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट वाटते. अर्ज कोणत्याही देशाचा माणूस करू शकतो. फी नाही, रहिवासी दाखला नाही, पीएचडी झालेली असावी अशी अट नाही. निवड झाल्यावर मिळणारा निधी मात्र अमेरिकेतल्या संस्थांपुरता असतो. आपल्याला मिळतो तो दुर्बिणीचा वेळ आणि त्यातून आलेली माहिती. एवढ्यावर तयारी असेल तरच पुढे जा, कारण मोजणीनंतरचं सहा-आठ महिन्यांचं काम आपल्याच लॅपटॉपवर, आपल्याच खर्चाने करायचं असतं.

अर्ज एपीटी नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून जातो. वैज्ञानिक मांडणीची पीडीएफ त्यातच जोडायची. हबलचा वेळ कक्षांमध्ये मागतात (एक कक्षा सुमारे ९५ मिनिटांची, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वेळच हाती येतो), वेबचा तासांमध्ये.

नाव, शिक्का, लेटरहेड

सगळ्यात जास्त अर्ज इथे घसरतात. २०१८ पासून हबलचे अर्ज दोन्हीकडून नाव झाकून तपासले जातात. अर्जदार कोण हे समितीला कळू द्यायचं नाही. पीडीएफमध्ये आपलं नाव नको, विद्यापीठाचं नाव नको, आभार नकोत. "आम्ही मागच्या पेपरात दाखवल्याप्रमाणे" हे वाक्यही नको. "आधीच्या एका अभ्यासात असं दिसलं आहे" असं तिऱ्हाइतासारखं लिहायचं आणि संदर्भाला नुसता अंक द्यायचा. टीमच्या अनुभवाची माहिती वेगळ्या भागात भरतात. समिती क्रमवारी लावून मोकळी झाली की मगच तो भाग उघडला जातो.

आपल्याला सवय उलटी. सेतू केंद्रापासून विद्यापीठापर्यंत प्रत्येक कागदावर सही-शिक्का असल्याशिवाय कुणी बघत नाही. त्यामुळे लेकरं लेटरहेडवर मांडणी लिहितात, शेवटी विभागप्रमुखांचा शिक्का मारून स्कॅन करतात. एका महाविद्यालयात तर "ना हरकत" सहीसाठी फाइल तीन आठवडे पडून होती. नियमात ज्याची गरजच नाही त्या सहीपायी तीन आठवडे गेले आणि वैज्ञानिक मांडणी शेवटच्या दोन रात्रींत उरकली. याचा मला मनापासून राग येतो. ज्यांच्याकडे फाइल येते त्यांनी आधी एकदा नियम वाचावेत, एवढीच विनंती.

या झाकपाकीला घाबरू नका, ती आपल्या भल्याची आहे. पद्धत लागू झाली त्या पहिल्याच फेरीत महिला प्रमुख असलेल्या अर्जांच्या यशाचं प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित वर गेलं. लहान गावातल्या महाविद्यालयाचं नावही तसंच झाकलेलं राहतं.

फोटो मागू नका

"यान पोचण्यापूर्वी गाभ्याचा स्पष्ट फोटो घ्यायचा आहे" असं वाक्य दिसलं की समिती तिथेच थांबते. गाभा फोटोत दिसत नाही. जानेवारी २०२२ मध्ये हबलने बर्नार्डिनेली-बर्नस्टाइन धूमकेतूचे पाच फोटो घेतले. त्याचा गाभा सुमारे १२० किलोमीटरचा निघाला, म्हणजे बीड ते छत्रपती संभाजीनगर जवळपास एवढा. धूमकेतूंच्या हिशेबात हा राक्षसच. पण तो पृथ्वी-सूर्य अंतराच्या वीसपट लांब होता, आणि तिथे हबलच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सुमारे ५८० किलोमीटरचा होतो. नांदेडहून रस्त्याने मुंबई गाठावी एवढा. एवढा अवाढव्य गाभासुद्धा एका पिक्सेलात मावून वर जागा उरते.

मग मोजतात कसा? पहाटेच्या धुक्यातून एसटी येताना आधी नुसता उजेडाचा गोळा दिसतो, तसं गाभ्याभोवती धूळ-वायूचं आवरण असतं, त्याला कोमा म्हणतात. कोम्याचा उजेड बाहेरच्या बाजूला कसा कसा कमी होत जातो ते मोजायचं, तीच चढण आत केंद्रापर्यंत गणिताने न्यायची आणि तेवढा उजेड वजा करायचा. मध्ये जो ठिपका शिल्लक राहतो तो गाभा. त्याच्या तेजावरून आकार काढायचा. ही वजाबाकी कशी करणार, हे अर्जात लिहिलेलं असलंच पाहिजे.

इथे आणखी एक खड्डा आहे. तेजावरून आकार काढायला पृष्ठभाग किती उजेड परत फेकतो ते धरावं लागतं. धूमकेतूचा गाभा साधारण चारच टक्के फेकतो. पाऊस पडून गेल्यावरचं आपलं काळं रानसुद्धा त्यापेक्षा उजळ असतं. हा आकडा चारऐवजी एक धरला तर त्याच तेजाचा गाभा दुप्पट मोठा निघतो. म्हणून जमलं तर उष्णतेचे, म्हणजे अवरक्त किरण मोजायला मागा, त्यात ही अडचण फार कमी होते. हार्टली-२ या धूमकेतूचा गाभा स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीने २००८ मध्ये असाच मोजला. त्रिज्या निघाली ०.५७ किलोमीटर. नोव्हेंबर २०१० मध्ये यान सुमारे ७०० किलोमीटरवरून गेलं आणि सरासरी त्रिज्या भरली ०.५८. समितीपुढे ठेवायला यापेक्षा चांगला दाखला नाही.

आणि एकाच कक्षेचा वेळ मागून भागत नाही. गाभा लांबोडका असतो, फिरत असतो. एका क्षणी त्याचं रुंद अंग समोर असतं, थोड्या तासांनी निमुळतं टोक. फिरण्याचा काळ हवा असेल तर तेवढा वेळ, तुकड्यातुकड्याने का होईना, मागावा लागतो.

कुणाकडेच नसलेला कागद

गाभ्याचं अपेक्षित तेज किती, हे कशावरून धरलं याचा आधार अर्जात द्यावा लागतो. हा आधार बहुतेकांकडे नसतो. लातूरच्या एका विद्यार्थिनीची एक्सेल शीट मी पाहिली. धूमकेतूची प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितकं तेज कमी) ११ लिहिलेली आणि त्यावरून कॅमेऱ्याचा वेळ काढलेला. आकडेमोड नेटकी, एकही चूक नाही. पण ११ ही प्रत कोम्यासकट पूर्ण धूमकेतूची होती. गाभ्याची प्रत २० च्या आसपास होती. नऊ प्रतींचा फरक म्हणजे जवळपास चार हजार पट. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स या तक्त्यात टी-मॅग आणि एन-मॅग असे दोन रकाने असतात. टी म्हणजे एकूण, एन म्हणजे गाभा. एन-मॅगही डोळे झाकून घेऊ नका, त्यात बऱ्याचदा कोम्याचा उजेड मिसळलेला असतो.

खरा आधार म्हणजे जुनी निरीक्षणं. हबलचा मास्ट हा संग्रह सगळ्यांसाठी मोफत खुला आहे. तो आधी चाळायचाच, कारण तीच मोजणी आधी झालेली असेल तर पुन्हा का, याचं उत्तर अर्जात मागतात. आपल्याकडे हानलेची दोन मीटरची आणि देवस्थळची ३.६ मीटरची दुर्बीण आहे, त्यांच्याही वेळेसाठी अर्ज करता येतो. तिथली एखाद-दोन रात्रींची नोंद जवळ असली तर अर्जाचं वजन बदलतं.

तारखा

फ्लायबायची, म्हणजे यान धूमकेतूजवळून जाण्याची तारीख आणि मोजणीची तारीख एक समजू नका. यान पोचतं तेव्हा धूमकेतू बहुधा सूर्याच्या जवळपास, कोम्याने पुरता झाकलेला असतो. गाभा मोजायचा तो सूर्यापासून दूर, शांत असताना. हार्टली-२ ची मोजणी फ्लायबायच्या दोन वर्षं आधीची आहे, हे लक्षात घ्या.

शिवाय दुर्बिणीला सूर्याच्या बाजूला वळता येत नाही. हबलला सूर्यापासून ५० अंशांच्या आत मनाई, वेबला फक्त ८५ ते १३५ अंशांचा पट्टा. जून २०२४ पासून हबल एकाच जायरोवर (दुर्बीण किती वळते ते मोजणाऱ्या यंत्रावर) चालतंय, त्यामुळे मंगळाच्या कक्षेपेक्षा पृथ्वीच्या जवळ असलेल्या हलत्या गोष्टींचा पाठलाग त्याला जमत नाही. "पृथ्वीजवळून जाताना मोजू" हा बेत त्याने आपोआप बाद होतो. अर्जाआधी महिनावार कोन काढून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

हबलचे अर्ज साधारण एप्रिलमध्ये जातात आणि मंजूर निरीक्षणं ऑक्टोबरपासून सुरू होतात. वेबचे अर्ज ऑक्टोबरमध्ये, निरीक्षणं पुढच्या जुलैपासून. म्हणजे मोजणीच्या किमान वर्ष-दीड वर्ष आधी तयारी हवी. ही फेरी चुकली की लेकरं संचालकांच्या अखत्यारीतल्या तातडीच्या वेळेकडे धावतात. तो वेळ अचानक उगवलेल्या गोष्टींसाठी आहे. ३आय/ॲटलस १ जुलै २०२५ ला सापडला आणि २१ जुलैला हबलने त्याचा फोटो घेतला, तशी निकड असावी लागते. यानाचा फ्लायबाय वर्षानुवर्षं आधी ठरलेला असतो. "मला सूचना उशिरा कळली" ही तातडी धरली जात नाही.

आता घड्याळ. शेवटची वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या रात्री आठची असते. उन्हाळी वेळ चालू असल्याने आपल्याकडे ती दुसऱ्या दिवशीचे पहाटे साडेपाच होतात. "अमेरिका आपल्या मागे आहे, उद्याचा अख्खा दिवस हातात आहे" असं धरून उदगीरचा एक मुलगा झोपला. चारला जाग आली तेव्हा अवकाळीचं वादळ सुटलेलं, लाईट गेलेली. फोनच्या हॉटस्पॉटवर अर्ज पाठवायला बसला तर मोबाईल टॉवरही बंद. सहाला रेंज आली तोवर खिडकी मिटली होती. सात महिन्यांचं काम.

एप्रिल म्हणजे आपल्याकडे गारपिटीचे दिवस. म्हणून अर्ज चार दिवस आधी पाठवून टाका. मुदत संपेपर्यंत तोच अर्ज सुधारून पुन्हा पाठवता येतो आणि शेवटचा पाठवलेला ग्राह्य धरतात. अपुरा का असेना, एक अर्ज तिकडे पोचलेला असू द्या.

नकार आला तर सोबत समितीचे अभिप्राय येतात, ते नीट वाचून पुढच्या फेरीत त्यांना उत्तर द्या. मंजूर झाला तर दुसरा टप्पा भरायचा असतो: कोणत्या दिवशी, कोणता फिल्टर, किती सेकंद. यासाठी संस्थेचा एक समन्वयक नेमून दिलेला असतो आणि त्याचे मेल येतात. धूमकेतूची कक्षा वायूच्या फवाऱ्यांमुळे थोडी थोडी सरकत राहते, त्यामुळे ताजे आकडे मागणारा मेल निरीक्षणाच्या तोंडावरही येऊ शकतो. तो स्पॅममध्ये गेला नाही ना, हे रोज बघत चला.