एंटर एक, अक्षरं दोन

“मामा, एंटर म्हणजे एंटर. त्यात ‘बेअर’ काय असतं?” भाचा ऐरोलीतल्या एका कंपनीत नुकताच मेल सर्व्हर सांभाळायला लागलाय. त्यांच्या फिल्टरने एका ग्राहकाची सगळी बिलं ‘बेअर एलएफ’ असा शेरा मारून परत धाडली होती.

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर प्रतिज्ञापत्रं टाइप करणारे ज्यांनी पाहिलेत, त्यांना निम्मं उत्तर ठाऊक आहे. ओळ संपत आली की टिंग, मग डावीकडचा दांडा ढकलायचा. त्या एका झटक्यात कागद एक ओळ वर सरकतो आणि कॅरेज मूळ जागी येतं. टेलिप्रिंटरच्या, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्राच्या, पलीकडच्या टोकाला दांडा ढकलायला कुणी नसे, म्हणून दोन्ही कामांना वेगळे संकेत. आस्कीत, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतांच्या यादीत, कॅरेज रिटर्न, म्हणजे सीआर, १३ क्रमांकाचा. लाइन फीड, म्हणजे एलएफ, १० चा.

त्यांचा क्रमही उगाच नाही, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. १९६३ चा टेलिप्रिंटर, टेलिटाइप मॉडेल ३३, सेकंदाला १० अक्षरं छापायचा. ओळीच्या टोकापासून परतायला कॅरेजला एका अक्षराहून जास्त वेळ लागे. म्हणून आधी सीआर, मग एलएफ: कागद सरकेस्तोवर कॅरेज घरी पोचायचं. उलट पाठवलं, तर पुढचं अक्षर वाटेतच कुठेतरी, कागदाच्या मधोमध उमटायचं.

यंत्रं भंगारात गेली, जोडी राहिली. युनिक्सने एकट्या एलएफवर भागवलं, विंडोजने दोन्ही ठेवले. ईमेलच्या १९८२ च्या नियमांत, जॉन पोस्टेल यांच्या आरएफसी ८२१ मध्ये, ओळ सीआर-एलएफनेच संपते आणि पत्र संपल्याची खूण म्हणजे ओळीत एकटा ठिपका. (पत्रातलीच ओळ ठिपक्याने सुरू झाली, तर पाठवणारा सर्व्हर आणखी एक ठिपका चिकटवतो, घेणारा तो काढतो.)

आता समजा, एलएफ-ठिपका-सीआर-एलएफ असं आलं: ठिपक्याआधीचा एलएफ ‘बेअर’, म्हणजे सीआरविना एकटा. पाठवणाऱ्याच्या लेखी हा पत्रातलाच मजकूर. घेणारा मनाने उदार, त्याच्या लेखी पत्र संपलं. उरलेला मजकूर मग त्याला नव्या आज्ञा वाटतात: अमुक साहेबांकडून दुसरं पत्र येतंय, घ्या. एका लखोट्यातून दोन पत्रं, दुसरं खोटं, तेही विश्वासातल्या सर्व्हरकडून आलेलं. २०२३ च्या डिसेंबरात हे ‘एसएमटीपी स्मगलिंग’ नावाने उघड झालं (एसएमटीपी म्हणजे ईमेल पाठवायचे हेच नियम) आणि पोस्टफिक्स, सेंडमेल, एक्झिम या तिन्ही मेल सर्व्हर सॉफ्टवेअरना डागडुजी करावी लागली. ‘एआय फिल्टर’ विकणारे याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, आणि दसऱ्याला सर्व्हरवर वाहिलेल्या झेंडूनेही हे थांबत नाही.

साहेब भाच्याला म्हणाले होते, फिल्टर जरा ढिला कर. त्याने त्याऐवजी ग्राहकाला बिलं पाठवणारी जुनी स्क्रिप्ट उघडायला लावली. पहिली ओळ ‘नमस्कार’. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीही साठवणाऱ्या संकेतपद्धतीत, २१ बाइट, शेवटी एकटा एलएफ, एकूण २२.

रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला: “मामा, २३.”