दिवाणाखालची खसखस

भाचीचा ठाण्याहून फोन आला. "मामा, दिवाणाखाली रोज खसखस सांडते. माझ्या स्वयंपाकघरात खसखस नाहीच!" घर भाड्याचं, दिवाण घरमालकांचा, ती राहायला येऊन जेमतेम सात महिने. घरमालकांचं म्हणणं एकच: वाळवी तुमच्या सामानातून आली, डिपॉझिटमधून कापून घेणार.

तिला म्हटलं, चिमूटभर काळ्या कागदावर टाक आणि मोबाइल अगदी जवळ नेऊन फोटो काढ. फोटो बघून मी इतका खूश झालो की ती वैतागली. मिलिमीटरभर लांबीचे दाणे, टोकं गोलसर आणि अंगाला स्पष्ट सहा बाजू. ही वाळवीची विष्ठा.

वाळवी म्हटलं की भिंतीवर चढलेली मातीची नळी आठवते. ती जमिनीतली वाळवी. तिला सतत ओल लागते, तिची विष्ठा पातळ असते आणि मातीत कालवून ती नळ्या लिंपायला वापरते. दाणे पाडणारी जात वेगळी, क्रिप्टोटर्मिससारख्या कोरड्या लाकडातल्या वाळवीची. तिला जमिनीशी देणंघेणं नाही. खुर्चीच्या एका पायात अख्खी वसाहत नांदते.

मग पाणी कुठून मिळतं? थोडं लाकडातल्या ओलाव्यातून, थोडं पचनातून. १०० ग्रॅम सेल्युलोजचं पूर्ण ज्वलन झालं, तर हिशोबाने सुमारे ५५ ग्रॅम पाणी तयार होतं. वाळवीच्या शरीरात हे सावकाश, अनेक पायऱ्यांनी घडतं. पण मिळालेला थेंब वाया घालवणं परवडत नाही, आणि इथेच तिच्या मलाशयाची करामत सुरू होते.

मलाशयाच्या भिंतीवर सहा जाड गाद्या असतात. झुरळालाही असतात. वाळवी मुंगीची नव्हे, झुरळाची नातलग. २००७ मध्ये जनुकांच्या पुराव्यावरून तिला झुरळांच्याच गणात बसवलं गेलं. झुरळात या गाद्यांचं काम बारकाईने तपासलेलं आहे. गादीतल्या पेशी आपसांतल्या अरुंद फटींमध्ये क्षारांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पंप करतात. त्यामुळे फटीतला द्रव विष्ठेतल्या पाण्यापेक्षा जास्त खारट होतो. पाण्यात टाकलेली मनुका फुगते त्याच परासरणाने विष्ठेतलं पाणी फटीत ओढलं जातं. पुढे वाटेत पेशी आयन परत शोषून घेतात आणि पाणी तेवढं रक्तद्रवात जातं. तेच आयन पुन्हा पंपावर! पंप चालवायला एटीपी हे पेशीचं इंधन खर्च होतं, म्हणजे थेंबाथेंबाला ऊर्जेची किंमत मोजावी लागते. सहा गाद्या सहा बाजूंनी दाबत असल्यामुळे कोरडी पडलेली विष्ठा षट्कोनी होते, किंचित आत दबलेल्या कडांची. फोटोत दिसला तो त्या गाद्यांचा ठसा.

आता डिपॉझिट. अशी वसाहत एका राजा-राणीच्या जोडीपासून सुरू होते आणि फार हळू वाढते. रोज ढीग पडण्याइतकी संख्या व्हायला वर्षं लागतात, सात महिने नव्हे.

शेजारच्या काकूंनी वास्तुदोष काढून दिवाण नैर्ऋत्येला सरकवायला सांगितलं. जरूर सरकवा, वाळवीही आतल्या आत सोबत येईल. कीटक पळवायला प्लगमध्ये लावायच्या ‘अल्ट्रासॉनिक’ डबीवर पैसे घालवणारे तर सुशिक्षित असतात.

पेस्ट कंट्रोलवाले फरशीच्या कडेला भोकं पाडून औषध भरतात, ते जमिनीतल्या वाळवीसाठी. दिवाणातल्या वाळवीला त्याचा पत्ताही लागत नाही. इथे औषध लाकडातल्या बोगद्यांतच सुईने सोडावं लागतं. बोरॅक्सचं द्रावण चालतं, पण पॉलिशवरून पुसलं तर आत मुरत नाही. उन्हाचं म्हणाल, तर निर्यातीच्या खोक्यांचं लाकूड नेहमीच्या उष्णतेच्या पद्धतीने कीडमुक्त करायचं तर ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवावं लागतं. गॅलरीतल्या उन्हात दिवाणाची फळी वरून चटका देईल, गाभा तेवढा तापेलच असं नाही.

उपचारानंतरही दाणे पडले म्हणून घाबरू नका. जुन्या बोगद्यांतला साठा हादऱ्याने गळतो. मोजायचे ते झाडून घेतल्यानंतरचे. भाचीने दिवाणाखाली काळा कार्डपेपर चिकटवलाय, कोपऱ्यात तारीख लिहून. घरमालक आले की चहाआधी वाकून तो बघतात.