कॉलेजनं काढून टाकलं? निवेदन नंतर द्या, आधी अपिलाचे ३० दिवस मोजा

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कॉलेजातला एखादा शिपाई, क्लार्क नाहीतर लॅब अटेंडंट काढला की पहिले काय होते, युनियनचे चारपाच जण जाऊन कुलसचिवाले निवेदन देतात, फोटो निघते, पेपरात येते आणि माणूस घरी जाऊन बसते का आता आपली केस लागली. लागली नाही जी. निवेदन म्हणजे अपील नव्हे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मध्ये दोन दारं आहेत. इन्क्रिमेंट, सिनियॉरिटी, रजेची भानगड असली तर कलम ७९ ची तक्रार निवारण समिती. नोकरीवरून काढलं किंवा खालच्या पदावर आणलं तर कलम ८१ खाली विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण, आपल्यासाठी नागपूरला, तिथं ३० दिवसांत अपील टाकायचं. इथंच लोक चुकतात. काढलेला माणूस समितीकडे जाते, समिती दोनचार महिन्यांनी सांगते हे आमच्यात बसत नाही, तोवर मुदत गेली ना.

हे ३० दिवस आदेशावरच्या तारखेपासून नाही, तुमच्या हातात पडला तेव्हापासून. म्हणून आदेशाचं पाकीट फेकू नका, पोस्टाचा शिक्का त्याच्यावरच असते. काही जण हुशारी करून पोस्टमनले परत पाठवतात. घेतलं नाही तरी मिळालं असंच धरलं जाते. आणि "धानाचं रोवणं झालं की जातो नागपूरले" हे तर दरवर्षी ऐकतो. उशिराचं कारण पटलं तर न्यायाधिकरण अपील घेऊ शकते, पण रोवणं हे कारण कोणाले पटन?

आता सगळ्यात मोठी अडचण, लेखी आदेशच नसते. प्राचार्य म्हणतात उद्यापासून येऊ नका, मस्टर कपाटात. त्याच दिवशी अर्ज लिहा, अमुक तारखेपासून सही करू दिली नाही, लेखी आदेश द्या. कॉलेजातला आवकवाला (टपाल घेणारा क्लार्क) शिक्का देत नसन तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा.

दुसरा कागद म्हणजे नेमणुकीच्या मान्यतेचं पत्र. हे कोणाजवळच नसते, वीस वर्षं नोकरी झाली तरी. संस्था म्हणते उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात पाहा, तिथं म्हणतात कॉलेजले विचारा. मग १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकार टाकायचा, टाकाच, पण त्याच्या उत्तरालेही ३० दिवस असतात, त्याची वाट पाहत बसाल तर इकडचे ३० संपतात. नेमणूक आदेश, पगार जमा झालेलं पासबुक, सर्व्हिस बुकाची झेरॉक्स, जे हाती असन त्यावर अपील टाका, राहिलेलं मागून जोडता येते.

वकील लावला तर संस्था, प्राचार्य, विद्यापीठ, सहसंचालक सगळ्यायले पार्टी करायले सांगा. कंत्राटदाराकडून लागलेल्या पोरायचा मामला वेगळा, त्यायनं आधी कामगार कार्यालय गाठावं.

युनियनवाल्या भाऊंनो, निवेदन द्याच, मोर्चाही काढा, पण त्या माणसाचं पाकीट पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि शिक्क्याची तारीख पाहा.